ऑनलाईन खरेदीवर वेगळा कर नकोच!

‘‘परराज्यातून पार्सले येतात, गावचा पैसा बाहेर जातो, तेव्हा सरकारने ऑनलाईन मालावर वेगळा विक्रीकर बसवला पाहिजे,’’ असे मत बाजारपेठेत अधूनमधून ऐकू येते. दुकानदार ते पोटतिडकीने मांडतो आणि शेतकरीही मान डोलावतो. पण हा कर भरणार कोण, हे मान डोलावण्याआधी पाहायला हवे. कंपनी आपल्या खिशातून तो भरणार नाही. ज्याच्या दारात पार्सल उतरते त्याच्याच बिलावर तो चढणार. म्हणून हा कर नको, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नेरे गावचेच घ्या. पनवेल जवळ असले तरी फवारणी पंपाचा एक वॉशर किंवा पॉवर टिलरचा एखादा सुटा भाग आणायचा म्हणजे अर्धा दिवस जातो. लावणीच्या दिवसांत अर्धा दिवस म्हणजे मजुरांचा खाडा. नेऱ्याच्या पुढे मालडुंगे, धोदाणीकडे आणि डोंगरालगतच्या आदिवासी वाड्यांकडे जावे तसतसे हे अंतर आणखी वाढते. शहरातला माणूस ऑनलाईन खरेदी करतो ती बहुधा सोयीसाठी. इकडचा माणूस करतो तेव्हा पुष्कळदा ती वस्तू गावात मिळतच नसते. वेगळा कर लावला की शिक्षा होणार ती नेमकी दुकानापासून लांब राहणाऱ्याला.

आता दुकानदारांचे म्हणणे. त्यात तथ्य होते, पण ते २०१७ पूर्वी. तेव्हा एका राज्यातला व्यापारी दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाईकाला माल विकायचा तेव्हा १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याखाली कर लागे, आणि तो कर माल जेथून निघाला त्या राज्याकडे राही. वापरणारा महाराष्ट्रात आणि कर कर्नाटकात, असा तो उलटा हिशेब होता. ऑनलाईन धंदा वाढला तशी माल घेणारी राज्ये अस्वस्थ झाली. उत्तराखंड, गुजरात अशा काही राज्यांनी २०१५-१६ च्या सुमारास ऑनलाईन मागवलेल्या मालावर प्रवेश कर बसवला. प्रवेश कराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ नोव्हेंबर २०१६ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने राज्यांचा प्रवेश कराचा अधिकार बहुमताने मान्य केला, मात्र बाहेरचा माल आणि आपला माल यांत भेदभाव करता येणार नाही, ही अट कायम राहिली.

त्यानंतर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी आला आणि तो उलटा हिशेब सुलटा झाला. आता माल जेथे वापरला जातो त्या राज्याला वाटा मिळतो. हजार रुपयांचे रासायनिक कीटकनाशक घ्या. त्यावर १८ टक्के म्हणजे १८० रुपये कर. पनवेलच्या कृषी सेवा केंद्रातून घेतले काय किंवा भिवंडीच्या गोदामातून पार्सलने आले काय, ९० रुपये केंद्राला आणि ९० रुपये महाराष्ट्राला. तेच गुजरातमधून आले तरी कर १८०च आणि राज्याचा वाटा अखेर महाराष्ट्राकडेच येतो. म्हणजे ‘ऑनलाईनवर कर नाही’ हा समज साफ चुकीचा आहे. शिवाय १ ऑक्टोबर २०१८ पासून ऑनलाईन कंपन्यांना विक्रेत्याच्या पैशातून काही रक्कम कापून सरकारजमा करावी लागते. तेव्हा ती १ टक्का होती, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. त्यामुळे प्रत्येक विक्रीची नोंद सरकारदरबारी होते. कच्च्या चिठ्ठीवर माल विकणाऱ्यापेक्षा हा व्यवहार उघडा आहे.

राज्याला मनात आले म्हणून वेगळा विक्रीकर आता बसवताही येत नाही. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यांचा तो अधिकार पेट्रोल, डिझेलसारखी काही इंधने आणि मद्य यांच्यापुरता उरला आहे. प्रवेश कराची नोंद तर राज्यसूचीतून वगळली गेली. जो काही बदल व्हायचा तो जीएसटी परिषदेत व्हायचा. तेथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात. पण कायद्याची वाट बंद आहे म्हणून मागणी थांबते असे नाही. अधिभार, शुल्क, उपकर अशी नवी नावे शोधायला सरकारांना फार वेळ लागत नाही. म्हणून आधीच बोललेले बरे.

शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोम आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. व्यापारी खरेदीवर जो जीएसटी भरतो त्याची वजावट त्याला विक्रीवरच्या करातून मिळते. शेतकऱ्याला ती मिळत नाही. त्याचा भात, वाल, भाजीपाला यांवर पेंढीत किंवा सुट्या मापाने विकताना कर नाही. मग वजावट घ्यायची कशातून? खतावर ५ टक्के, रासायनिक औषधांवर १८ टक्के, हे सगळे त्याच्या अंगावरच राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, ठिबक व तुषार संच यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगले झाले. पण एका हाताने दर उतरवायचा आणि दुसऱ्या हाताने पार्सलवर जादा आकार घ्यायचा, तर शेतकऱ्याच्या हाती काय राहणार? तीन हजारांच्या पंपावर नुसते २ टक्के जादा धरले तरी साठ रुपये गेले. साठ रुपये म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. भाताच्या शेतीत जे उरते त्यात साठ रुपयांनाही जागा नसते, हे बांधावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

बरे, हा जादा पैसा गावाला तरी मिळेल का? जकात आणि एलबीटी गेल्यावर महापालिकांना राज्य २०१७ च्या कायद्याने भरपाई देते, तीही दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. ग्रामपंचायतीला ती भरपाई नाही. नेऱ्यासारख्या गावात ‘नैना’मुळे इमारती उठताहेत, पार्सलच्या गाड्या रोज फिरताहेत, रस्ते खचताहेत. पण ग्रामपंचायतीचा आधार घरपट्टी, पाणीपट्टी आणि वित्त आयोगाचे अनुदान हाच. तेव्हा ‘गावचा पैसा गावात राहील’ म्हणून जादा कराला पाठिंबा देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पैसा जाईल मंत्रालयात आणि गावाच्या वाट्याला येईल वाढलेले बिल.

गावच्या दुकानदाराशी आमचे वैर नाही. जूनमध्ये बियाणे-औषध उधारीवर देऊन भात झोडल्यावर पैसे घेणारा तोच. अडीनडीला रात्री दार उघडणाराही तोच. कोणतीही कंपनी हे करणार नाही. त्याचे खरे दुखणे कराचे नसून सुटीचे आहे. मोठा विक्रेता खरेदीच्या भावाखाली माल विकतो आणि लहान दुकान आपोआप बसते. त्यावर इलाज स्पर्धेच्या कायद्यात आहे. कीटकनाशकाच्या ऑनलाईन विक्रीलाही परवाना लागतोच. तो नसलेल्यांना आणि बनावट माल खपवणाऱ्यांना कृषी खात्याने पकडावे. दुखणे गुडघ्याला आणि पट्टी कपाळाला, असा कारभार नको.

या विषयाला दुसरी बाजूही आहे. आपला शेतकरी आणि आपल्या बचत गटाच्या बाया नुसत्या घेणाऱ्या नाहीत, विकणाऱ्याही आहेत. आगरी मसाला, लोणचे यांना गिऱ्हाईक दूरवर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत लहान विक्रेत्याला ऑनलाईन कंपनीमार्फत करपात्र माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी सक्तीची होती. दुकानात बसून विकणाऱ्याला मात्र वर्षाला ४० लाखांपर्यंत सूट. त्या तारखेपासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला ही सूट मिळाली. पॅन आणि जीएसटी पोर्टलवरचा नोंद क्रमांक एवढे पुरते. पण हाच मसाला वापी, इंदूर किंवा बेळगावच्या मराठी घरी पाठवायचा म्हटले की नोंदणी आली, विवरणपत्रे आली आणि ती भरून देणाऱ्याची फी आली. महिन्याला दहा-वीस पाकिटे बाहेर पाठवणाऱ्या गटाला हे कसे झेपावे?

अमेरिकेत हाच तंटा बरीच वर्षे चालला. राज्यात दुकान नसलेल्या विक्रेत्याकडून राज्याने विक्रीकर वसूल करू नये, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ठरवले होते; २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पण ज्या साउथ डकोटा राज्याने हा खटला लढवला, त्याच्या कायद्यातसुद्धा वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत विक्री आणि दोनशेपेक्षा कमी व्यवहार असणारा लहान विक्रेता मोकळा ठेवला होता. मोठ्यावर कर आणि लहानाला मोकळीक, एवढे शहाणपण त्यांनी दाखवले. आपणही ते दाखवायला हरकत नाही.

म्हणून मागण्या सरळ आहेत. एक, ऑनलाईन मालावर दुकानातल्या मालापेक्षा कोणत्याही नावाने जादा कर, उपकर वा शुल्क नको. दोन, बचत गट आणि लहान विक्रेते यांना परराज्यात माल पाठवतानाही ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट मिळावी. तीन, शेतीच्या औषधांवरचा १८ टक्के कर खताच्या पातळीवर आणावा, म्हणजे दुकानदार आणि शेतकरी दोघांचेही भले होईल.

जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा मंत्री बसतो. त्याच्यापर्यंत व्यापाऱ्यांची निवेदने पोचतात, कारण ती लिहिली जातात. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ठराव इतिवृत्तात नोंदवून पंचायत समितीमार्फत वर धाडावा. एका गावच्या ठरावाने कायदा बदलत नाही हे खरे. पण तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींचे ठराव एकाच टेबलावर गेले, तर ते बाजूला सारणे कोणालाही जड जाईल.