बायका येत नाहीत, की तपासणीच येत नाही?

"बायका अडाणी आहेत. लाजतात. बोलावले तरी तपासणीला येत नाहीत." गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की बैठकीत कोणीतरी साहेब हे वाक्य टाकतोच, आणि माना डोलतात. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचे उत्तर जाहीरपणे देणे भाग आहे.

उत्तर लांब शोधायला नको. ते तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातच आहे. 1999 च्या अखेरीस टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाने आंतरराष्ट्रीय संस्थेसोबत तिथे मोठा अभ्यास सुरू केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, सगळ्या खेड्यांतल्या. त्यांतल्या 34,126 जणींना एचपीव्ही विषाणूची चाचणी देऊ केली गेली. त्यांपैकी 27,192 जणी आल्या, म्हणजे शंभरातल्या जवळपास ऐंशी. शेतमजुरी करणाऱ्या, न शिकलेल्या बायका आल्या, कारण तपासणी गावात आली होती आणि कोणीतरी नीट समजावून सांगितले होते.

2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या त्या चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. चाचणीच्या गटात 34 मृत्यू, तपासणीच न मिळालेल्या 31 हजारांच्या गटात 64. म्हणजे आमच्याच बायकांच्या अंगावर जगाने ज्ञान मिळवले. तुलनेसाठी हजारो बायका विनातपासणी ठेवल्या गेल्या, त्यावर नैतिकतेचे प्रश्नही उभे राहिले. त्या ज्ञानावर पहिला हक्क कोणाचा होता? मराठवाड्यातल्या बाईचा. तिला काय मिळाले? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांमध्ये दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नाही. दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचा सरकारी नियम 2016 पासून कागदावर आहे. आणि देशात दरवर्षी या रोगाने 75 हजारांहून अधिक बायका मरतात.

आता शेजारच्या बीड जिल्ह्यात या. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ऊसतोड कामगार बायकांच्या पाहणीचे आकडे आले. 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. ऊसतोडीला कोण जाते? दलित, बंजारा, वंजारी, भटके-विमुक्त. पाळी आली म्हणून एक दिवस कोयता थांबला तर खाडा पडतो आणि मुकादमाची उचल फिटत नाही. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून बाई दवाखान्यात गेली की ऐकायला मिळते, "पिशवी खराब झाली आहे. काढली नाही तर कॅन्सर होईल."

आमच्या ओळखीच्या एका ताईला तिशीतच हे सांगितले गेले. कोणतीही चाचणी झाली नाही. कर्ज काढून ऑपरेशन झाले. आज कंबर धरून बसते. "तपासलं होतं का हो काही?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "कॅन्सर म्हटल्यावर कुणी विचारतं का?"

इथेच सगळा डाव उघडा पडतो. बाई दवाखान्यापर्यंत येते. पैसे उसने घेऊन येते. पण तिला चाचणी मिळत नाही, भीती मिळते. जिला कॅन्सर नाही तिची पिशवी जाते, आणि जिला आहे तिला तो शेवटच्या टप्प्यात कळतो. भीती खासगी बाजारात विकली जाते, चाचणी मात्र सरकारी फायलीत पडून राहते. याला अडाणीपणा म्हणायचे की जातिव्यवस्थेने लावलेली शरीराची किंमत?

विषाणूची लागण होऊन कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षे लागतात. इतकी सवड देणारा कॅन्सर दुसरा क्वचितच असेल. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर आरोग्यसेविकांनी व्हिनेगरमधल्या सौम्य आम्लाने दर दोन वर्षांनी तपासणी केली, चार फेऱ्यांत. मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. अडचण यंत्राची नाही, इच्छेची आहे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. हा विषाणू पुरुषही वाहतो, आणि शिश्नाच्या कॅन्सरमागेही अनेकदा तोच असतो. तंबाखू आणि मागे न सरकणारी कातडी हीही कारणे आहेत. आपले भाऊ जखम महिनोन्‌महिने लपवतात आणि अवयव कापायची वेळ आल्यावर बोलतात. बायकोला कॅन्सर झाला की मात्र तिच्या चारित्र्याची कुजबुज सुरू होते. ही लाज कोणाची शिकवण आहे? र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 साली त्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. 1938 साली त्यांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव मुंबई विधिमंडळात आणला. ज्यांनी शरीराचा प्रश्न कोर्टात आणि सभागृहात मांडला, त्यांचे अनुयायी विहारात तो मांडायला का लाजतात?

म्हणून आमची मागणी साधी आहे. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या गाड्या निघण्याआधी गावातच एचपीव्ही चाचणी व्हावी. दोष सापडला तर उपचाराला तालुक्या-जिल्ह्याचे हेलपाटे नकोत. कॅन्सरची भीती घालून पिशवी काढणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला चाचणीचा कागद मागितला जावा. आणि आपल्या महिला मंडळांनी, तरुण मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा या कामाला द्यावा.

पुढच्या वेळी कोणी साहेब म्हणाला, "बायका येत नाहीत," तर त्याला 27,192 हा आकडा सांगा. त्या आल्या होत्या. तुम्हीच परत गेला नाहीत.

जयभीम!