तक्रार वहीत उतरवा



गेल्या वर्षी आषाढ लागायच्या सुमारास आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं. नेमकं मंदिराच्या वाटेवर. चातुर्मासासाठी आर्यिका माताजींचा संघ येणार होता आणि ज्या रस्त्यावरून त्या अनवाणी चालत येणार, तिथे घाण पाणी वाहत होतं. तीन आठवडे आम्ही सगळ्या काय करत होतो? बोलत होतो. दर्शन झाल्यावर मंदिराच्या पायरीवर, भाजीच्या गाडीशी, व्हॉट्सॲपवर. "कुणी लक्षच देत नाही" हे वाक्य मीच दिवसातून चार वेळा म्हटलं असेल. लेखी तक्रार मात्र एकीचीही नव्हती.

शेवटी कमिटीने नेहमीचा मार्ग काढला. वर्गणी झाली, एक माणूस आणला. सकाळी दारात येऊन पाहते तर तो कमरेपर्यंत चेंबरमध्ये उतरलेला. हातात बादली. दोर नाही, हातमोजे नाहीत, पायात काही नाही. काम झाल्यावर त्याने पाणी मागितलं. मी तांब्या पुढे केला, तर म्हणाला, "वरूनच ओता, काकू," आणि ओंजळ धरली.

ते पाणी मी पहाटे फडक्याने गाळून भरलं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांना इजा होऊ नये म्हणून. आणि हा दिसणारा जीव आम्ही विषारी वायूच्या खड्ड्यात उतरवला होता. त्या दिवशी स्वाध्यायात माझं मन लागलं नाही.

नंतर कायदा वाचला. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही गटार साफ करायला उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात माणूस दगावला तर कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे आम्ही वर्गणी काढून गुन्हा केला होता. आणि चेंबर आठ दिवसांत परत तुंबलं.

माझं मत मी स्पष्टच मांडते. आपला समाज खिशात हात घालायला कधी मागे राहत नाही. आहारदान, औषधदान, गोशाळा, धर्मशाळा, सगळं व्हावंच. पण गल्लीतलं गटार हा दानाचा विषय नाही. घरपट्टीतून त्याचे पैसे आपण आधीच भरलेले असतात. मी कॉमर्स शिकलेली बाई. एकच बिल दोनदा भरायचं आणि पावतीही मागायची नाही, हा कुठला हिशेब?

मग आम्ही तिघी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. पहिला अर्ज मैत्रिणीने लिहिला, चार पानांचा. त्यात संताप, समाजाची थोरवी, मागच्या नगरसेवकाची उणीदुणी. मला पाठशाळेत शिकलेली भाषा समिती आठवली. बोलणं हिताचं, मोजकं आणि संशय न ठेवणारं असावं. ती मुनींसाठी सांगितली आहे, पण सरकारी अर्जालाही चपखल बसते. चार पानांचं एक पान केलं. नक्की जागा कुठली, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर काय, पाणी कोणत्या तारखेपासून वाहतंय, आम्हाला काय हवंय. मशीनने सफाई आणि पाइपची तपासणी, माणूस न उतरवता. सोबत फोटो आणि २३ सह्या.

अर्ज दोन प्रतींत नेला. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "ठेवा, बघतो." आम्ही तिथल्या बाकावर बसून राहिलो. अर्ध्या तासाने आमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मिळाला. मैत्रिणींनो, हा क्रमांक म्हणजे व्हाउचर. तो नसेल तर तुमचा व्यवहार झालेलाच नाही.

दहा दिवस काही हललं नाही. मग ती प्रत घेऊन इंजिनीअरसाहेबांना भेटलो. ते म्हणाले, "काकू, तुमच्याच लाइनमधून कपडे आणि पॅड निघतात." मान खाली गेली, कारण ते खरं होतं. घरचा सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून द्यायचा, हे २०१६ पासून नियमातच आहे. गल्लीतल्या घराघरात जाऊन ते आम्हीच सांगितलं. सुनांना आणि सासवांनाही.

तरी पाइप तपासला जाईना. तेव्हा माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. भांडण नाही, फक्त प्रश्न. अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली? ती कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे? कागदांची प्रत द्यावी. उत्तर ३० दिवसांत देणं बंधनकारक असतं. आमच्याकडे अठराव्या दिवशी मशीनची गाडी आली. खचलेला पाइप सापडला आणि बदलला.

सगळं मिळून दोन महिने गेले. तोवर चातुर्मास सुरू झाला होता आणि माताजींना मागच्या बोळातून आणावं लागलं, ही खंत आहेच. कोपऱ्यावरचा दिवा अजूनही बंद आहे. चूक माझीच. त्याच अर्जाच्या शेवटी दिव्याचीही एक ओळ मी घुसडली होती. दिव्याचं खातं वेगळं, त्यामुळे ती ओळ कुणीच वाचली नाही. आता त्याचा वेगळा अर्ज दिला आहे.

आमचे हे म्हणतात, "ओळख लावली असती तर दोन दिवसांत झालं असतं." झालं असतंही. पण मग तो उपकार झाला असता, आणि पुढच्या वेळी पुन्हा ओळख शोधावी लागली असती. आमच्या गल्लीचा उतार खालच्या वस्तीकडे आहे. आमचं पाणी वाहून त्यांच्याच दारात जात होतं. त्यांची कुठे ओळख? आमच्या अर्जाचा कागद त्यांनी मागून नेला आणि त्यावरून पाण्याच्या नळाचा अर्ज केला. ओळख अशी उसनी देता येत नाही.

तुमच्या गल्लीत काय अडलंय, ते आज एका कागदावर लिहून काढा. एकच विषय. दोघी-तिघी सोबत घ्या, दुपारच्या कामांतून दोन तास काढा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. आणि पुढच्या वेळी कमिटीत कुणी "एक माणूस बोलावू" म्हणालं, तर "मशीन मागवा" असं म्हणणारी तुम्ही व्हा.

जय जिनेंद्र.