विश्लेषण : कलाग्रंथपालाची नोकरी त्या नावाने का सापडत नाही?

जानेवारी २००९ मध्ये दिल्लीतील एका कलादालनात सय्यद हैदर रझा यांच्या सुरुवातीच्या काळातील चित्रांचे प्रदर्शन भरले होते. उद्घाटनाला खुद्द रझा आले, भिंतीवरची चित्रे पाहिली आणि ही आपली नव्हेत, असे त्यांनी सांगून टाकले. प्रदर्शन गुंडाळावे लागले. चित्रकार हयात होता म्हणून निकाल तिथल्या तिथे लागला. रझा २०१६ मध्ये गेले. आता असा वाद उभा राहिला, तर उत्तर कागदांतच शोधावे लागेल. मुंबईत १९४०च्या दशकात भरलेल्या प्रदर्शनांच्या चार-आठ पानी पुस्तिका, त्यांतील चित्रांची नावे आणि किमती, वर्तमानपत्रांतील परीक्षणे, चित्रकाराची पत्रे, कृष्णधवल छायाचित्रे, असे हे कागद. ते जपणारा, त्यांची नोंद ठेवणारा आणि कुणी विचारले तर नेमका कागद काढून देणारा माणूस म्हणजे कलाग्रंथपाल.

पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ चे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. भारतीय चित्रांच्या किमती अशा चढत असताना त्या चित्रांचा कागदोपत्री इतिहास सांभाळू शकणाऱ्या तरुणांना मात्र नोकरी कुठे शोधायची, हेच कळत नाही. ‘कलाग्रंथपाल पाहिजे’ अशी जाहिरात सहसा निघतच नाही.

हा ग्रंथपाल वेगळा कसा?

सर्वसाधारण ग्रंथालयात पुस्तक येते, दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो, वर्गांक पडतो आणि ते कपाटात जाते. भारतीय चित्रकलेवरचे पुस्तक असेल तर ड्युई पद्धतीनुसार ७५९.९५४. इथवर अडचण नाही. कलाग्रंथालयातील निम्मा ऐवज मात्र पुस्तकाच्या आकाराचा नसतो. निमंत्रणपत्रिका, भित्तिपत्रके, पारदर्शिका, काचेवरच्या निगेटिव्ह, कात्रणे, रेखाटनांच्या वह्या. त्यांना ना लेखक असतो, ना प्रकाशक, ना आयएसबीएन.

मराठीतले घरचे उदाहरण दिवाळी अंकांचे. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे कित्येक घरांत चौकटीत लावलेली असत. ग्रंथालयात तोच अंक नियतकालिक म्हणून दाखल होतो. नोंद होते ती अंकाचे नाव, वर्ष आणि संपादक यांची. मुखपृष्ठ कुणाचे, आतली सजावट कुणाची, याला नोंदीत रकानाच नसतो. पुढे अंक बांधणीला जातात आणि बाइंडर मुखपृष्ठ व जाहिरातींची पाने सरळ काढून टाकतो, कारण त्याला मजकूर टिकवायचा असतो. त्याची चूक म्हणता येणार नाही. त्याला कुणी सांगितलेलेच नसते. ज्याला चित्रकलेची जाण आहे असा माणूस त्या टेबलावर असता, तर बांधणीआधी दोन ओळींची चिठ्ठी गेली असती.

राजा रविवर्मा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छापील चित्रांचेही तसेच. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्राच्या कडेला छापखान्याचे नाव आणि ठिकाण बारीक अक्षरात असते. कालनिर्णयाचा तो पहिला धागा. चौकटीत बसवताना ही कड कापली जाते, आणि नोंद करणारा ‘रविवर्म्याचे चित्र, एक नग’ एवढेच लिहून मोकळा होतो. ते मूळ तैलरंगातले की छापील ऑलिओग्राफ, छापखान्याच्या कोणत्या काळातले, काहीच कळत नाही. पुढचा अभ्यासक मग या नोंदीवर विसंबतो.

मग जाहिरात का निघत नाही?

कारण भरतीचे नियम पदाच्या नावावर चालतात आणि नाव आहे फक्त ‘ग्रंथपाल’ किंवा ‘सहायक ग्रंथपाल’. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार या पदासाठी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह आणि नेट किंवा सेट लागते. सातव्या आयोगाप्रमाणे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. कायम पद मिळाले तर पगार उत्तमच आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते, त्यामुळे ती वाट दूरची नाही.

अडचण पुढे आहे. ही परीक्षा वर्गीकरण, तालिकीकरण, माहिती-तंत्रज्ञान, व्यवस्थापन तपासते. उमेदवाराला जलरंग आणि छापील चित्र यांतला फरक कळतो का, हे पाहणे तिचे कामच नाही. उलट कला इतिहासात एम.ए. केलेल्या, चित्रे ओळखणाऱ्या मुलीकडे बी.लिब. नसेल, तर ती अर्जाच्या पहिल्याच रकान्यात बाद होते. कला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मग वाणिज्य महाविद्यालयाला चालेल तोच ग्रंथपाल येतो. तो मन लावून शिकला तर विद्यार्थ्यांचे नशीब. भरतीच्या नियमांत ‘कलेची पदवी वा कलासंग्रहातील अनुभव असल्यास प्राधान्य’ ही एक ओळ घालायला काही खर्च नाही. कला, वास्तुकला आणि अभिकल्प शिकवणाऱ्या संस्थांनी ती घालायला हवी. १८५७ पासूनचा वारसा सांगणारे मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा भाग झाले. स्वतःचे पायंडे पाडण्याची संधी अशा संस्थेला अधिक.

शोध कोणत्या नावाने घ्यायचा?

नोकऱ्या आहेत, पण त्या वेगळ्या पाट्यांखाली आहेत. ‘लायब्ररियन’ एवढाच शब्द टाकून मोबाइलवर अलर्ट लावणाऱ्याला त्यातल्या बऱ्याच दिसणारच नाहीत. आर्काइव्हिस्ट, डॉक्युमेंटेशन असिस्टंट, कॅटलॉगर, कलेक्शन्स असोसिएट, रजिस्ट्रार, रिसर्च असोसिएट, डिजिटल आर्काइव्ह एक्झिक्युटिव्ह ही नावे टाकून पाहावीत. यांपैकी रजिस्ट्रार हा शब्द फसवा आहे. विद्यापीठात तो कुलसचिव. संग्रहालयात मात्र कोणती वस्तू कुठे आहे, कुणाला उसनी दिली, कोणत्या अवस्थेत परत आली, याचा हिशेब ठेवणारा.

ठिकाणेही महाविद्यालयापुरती नाहीत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा. पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जिथे चित्रपटांची भित्तिपत्रके, स्थिरचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिका हा जपणुकीचा स्वतंत्र विषय आहे. निफ्ट आणि एनआयडीसारख्या संस्थांच्या ग्रंथालयांत कापडाचे नमुनेही सांभाळले जातात. दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्र आणि ललित कला अकादमी, बंगळूरुत २०२३ मध्ये दारे उघडलेले कला व छायाचित्रण संग्रहालय, आणि हाँगकाँगमध्ये २००० साली सुरू झालेल्या एशिया आर्ट आर्काइव्हचे दिल्लीतील केंद्र. खासगी कलादालने आणि लिलावगृहेही अशी माणसे ठेवतात. लिलावाच्या सूचीत चित्राखाली ‘पूर्वी कुणाकडे होते, कुठे मांडले होते, कुठे छापून आले होते’ या ज्या ओळी असतात, त्या कुणीतरी दिवसचे दिवस कागद चाळून लिहिलेल्या असतात.

सरकारी पदांसाठी ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’, लोकसेवा आयोगाच्या जाहिराती आणि त्या-त्या संस्थेचे संकेतस्थळ पाहत राहण्याला पर्याय नाही. खासगी संस्थांच्या जागा बऱ्याचदा ओळखीतून भरल्या जातात. हे योग्य नाही, पण आहे. त्यामुळे संग्रहालयांतील व्याख्याने, कार्यशाळा आणि प्रदर्शनांना जाऊन तिथल्या संग्रह विभागातील माणसांशी बोलणे हाही नोकरी शोधण्याचाच भाग ठरतो. नाशिक-नागपूरच्या उमेदवाराला हे मुंबईकराइतके सोपे नाही, हे उघड आहे.

अभ्यासक्रम कोणता?

कायम पद हवे असेल तर ग्रंथालयशास्त्राची पदवी आधी, बाकीचे नंतर. कलेची पदवी असलेल्याने बी.लिब. आणि एम.लिब. करणे हा सध्याच्या नियमांत सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. मुक्त विद्यापीठांतूनही तो करता येतो. ज्याच्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी आहेच, त्याने कलेची बाजू भरून काढावी. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय संग्रहालयशास्त्र शिकवते. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेख व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५० च्या दशकापासून चालतो आणि तिथेच कला इतिहासही शिकवला जातो. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणायला सुरुवात केली, तेच हे बडोदे. ग्रंथालय आणि कलाशिक्षण या दोन्ही परंपरा एका गावात नांदल्या.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या व्यवसायाला स्वतःच्या संघटना आहेत. ब्रिटन व आयर्लंडची १९६९ पासून, उत्तर अमेरिकेची १९७२ पासून. नोकऱ्यांच्या जाहिराती, विद्यार्थ्यांसाठी निबंध पुरस्कार, नवोदितांचा गट अशी तिथे व्यवस्था आहे. तिथेही पदे थोडी आणि इच्छुक फार, हे वेगळे. भारतातील नवोदिताला उपयोगी पडेल ते उत्तर अमेरिकी संघटनेचे कौशल्यांविषयीचे टिपण. कलाग्रंथपालाला काय-काय यायला हवे, हे त्यात मांडलेले आहे. आपला अर्ज त्याशेजारी ठेवून पाहिला, की कोणते रकाने रिकामे आहेत ते चटकन दिसते.

हाती काय घेऊन जायचे?

मुलाखतीत प्रमाणपत्रांपेक्षा केलेले काम बोलते, आणि हे काम नोकरीशिवायही करता येते. गावातल्या निवृत्त चित्रकला शिक्षकाकडे, जुन्या छायाचित्र स्टुडिओत, सार्वजनिक वाचनालयाच्या माळ्यावर सामग्री पडून असते. त्यातल्या पन्नास वस्तू घ्याव्यात आणि प्रत्येकीची नीट नोंद करावी: काय आहे, कुणी केले, केव्हा, कशाचे बनले आहे, मोजमाप, अवस्था, कुणाकडून आले, हक्क कुणाचे. कलेच्या संज्ञांसाठी गेटी संस्थेचा कला व वास्तुकला शब्दसंग्रह इंटरनेटवर विनामूल्य मिळतो. ग्रंथालयासाठी ‘कोहा’ आणि डिजिटल संग्रहासाठी ‘डीस्पेस’ या प्रणालीही मोफत आहेत. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी बनवलेली ‘जतन’ प्रणाली देशातील मोठ्या संग्रहालयांच्या नोंदींसाठी वापरली गेली आहे. तिची रचना समजून घेणे फायद्याचे.

हक्कांचा रकाना कुणी भरत नाही, म्हणून तो भरणारा उठून दिसतो. भारतीय कायद्यात चित्रावरचा हक्क सर्वसाधारणपणे चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांचा प्रश्न मिटला. दलाल यांचे निधन १९७१ चे. म्हणजे २०३१ अखेरपर्यंत त्यांची चित्रे सरसकट इंटरनेटवर चढवण्याआधी परवानगीचा विचार करावा लागेल.

मराठी उमेदवार एक भांडवल विसरतात, ते म्हणजे मराठी. मुंबईच्या कलाजगताबद्दल मराठी वृत्तपत्रांत आणि मासिकांत जे छापून आले, ते वाचू न शकणारा संशोधक अर्धाच इतिहास पाहतो. पिंगुळीची चित्रकथी किंवा पैठणशैलीची चित्रे यांची नोंद करताना कथा ओळखता आली नाही, तर ‘पौराणिक प्रसंग’ एवढेच लिहावे लागते. मोडी येत असेल तर आणखी चांगले. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. अर्जात या गोष्टी ‘इतर भाषा’ या शेवटच्या ओळीत न टाकता पहिल्या परिच्छेदात लिहाव्यात.

विनावेतन इंटर्नशिप करावी का?

पहिली संधी म्हणून अनेकांपुढे हीच येते. तीन ते सहा महिने काम, प्रमाणपत्र, पैसे नाहीत किंवा प्रवासखर्चापुरते. शिकायला मिळते, हे खरे. पण मुंबईत किंवा दिल्लीत स्वतःचे घर नसलेल्याला सहा महिने बिनपगारी राहणे परवडत नाही. म्हणजे बीड वा सावंतवाडीची मुलगी इथेच गळते, आणि चित्रकथीची गोष्ट आजीकडून ऐकलेली तीच असते. करायचीच झाली तर कामाचे स्वरूप लेखी घ्यावे आणि आपण केलेल्या नोंदींत आपले नाव राहील का, हे आधी विचारावे. एका लिलावात कोटींची उलाढाल होणाऱ्या या क्षेत्रात वर्षाला दोन विद्यावेतने देणे मोठ्या संस्थांना जड नाही.

आणखी एक गोष्ट संस्थांच्या हातात आहे. जुन्या कलाग्रंथालयांत कोणत्या पेटीत काय आहे, हे अनेकदा नोंदवहीत कमी आणि एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात जास्त असते. तो निवृत्त झाल्यावर पद रिकामे राहते, मग कंत्राटी माणूस येतो, त्याला पेटीची किल्ली मिळते पण माहिती मिळत नाही. निवृत्तीच्या सहा महिने आधी नव्या उमेदवाराला त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसवले, तर एकाला नोकरी मिळेल आणि पेटीवर चिठ्ठी लागेल.