दान नव्हे, देणे


मोठ्या कंपन्या आता पर्यावरणाचे भान ठेवू लागल्या, असे सांगत तळोजा औद्योगिक वसाहतीतील वृक्षारोपणाचे कौतुक करणारे पत्र वाचले. झाडे लावली हे चांगलेच. पण ऑगस्ट २०१७ मध्ये याच वसाहतीत निळ्या रंगाचे भटके कुत्रे फिरत होते, हे पत्रलेखक विसरलेले दिसतात. त्यांना निळे करणारा रंगाचा कारखाना बंद झाला, तोही बातम्यांचा गाजावाजा झाल्यावर.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. इतर कायद्यांनी बंधनकारक केलेले काम मात्र त्यात धरता येत नाही. सांडपाणी शुद्ध करून सोडणे हे असेच काम आहे. ते दान नव्हे, देणे आहे.

कासाडी नदीकाठच्या कोळ्याला वार्षिक अहवालातले गुळगुळीत फोटो काय कामाचे? त्याच्या जाळ्यात मासळी यायला हवी. कंपनीची संस्कृती पाहायची असेल, तर प्रवेशद्वाराशी लावलेली रोपे मोजू नयेत. मागच्या नाल्यावर जावे, आणि तेही रात्री.

– एक वाचक, पनवेल