टाकी कोठे बांधावी?

शहराच्या धकाधकीतून सुटून एखाद्या जलाशयाच्या काठी लहानसे घर बांधावे, ही इच्छा आता केवळ धनिकांची राहिलेली नाही. तीत गैर असे काहीच नाही. मात्र जेथे भुयारी गटारे पोचलेली नाहीत, तेथे घराबरोबर सेप्टिक टँकही बांधावी लागते आणि तिच्या जागेचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. आराखड्यात जो कोपरा उरेल तो तिच्या वाट्यास येतो. पुष्कळदा तो उताराकडचा, म्हणजे पाण्याच्याच बाजूचा असतो. आमचा आक्षेप आहे तो या रीतीला.

टाकी बांधली की मैल्याची निरवानिरव झाली, हा समज निराधार आहे. टाकीत गाळ तळाशी बसतो व काही अंशी कुजून कमी होतो. वरचे पाणी रोगजंतूंसह बाहेर पडते. ते शुद्ध करण्याचे खरे काम शोषखड्ड्याभोवतालच्या मातीने करावयाचे असते. परंतु देशावरील काळी माती पावसात फुगते आणि पाणी शोषीनाशी होते. जेथे मातीचा थर पातळ, तेथे खालच्या बेसॉल्टच्या भेगांतून तेच पाणी न गाळता पुढे जाते. त्यातील नायट्रेट तर चांगल्या मातीतही फारसे अडत नाही. पाणथळात पोचलेले हे खत शेवाळ व जलपर्णी पोसते. ती कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू सरतो आणि मासे मरतात.

याविषयी कायदा मुका नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार अधिसूचित पाणथळांत आणि नांदूर मध्यमेश्वर, लोणार, ठाणे खाडी यांसारख्या रामसर स्थळांत प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यास मनाई आहे. सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरांच्या आत कायम बांधकामही करता येत नाही. नियम स्वागतार्ह खरा. परंतु जमिनीत झिरपणारे पाणी हाती फीत घेऊन चालत नाही. भेगाळ खडकात हे अंतर अपुरे पडू शकते आणि अधिसूचित न झालेल्या गावतळ्यांना तर या नियमाचेही कवच नाही.

म्हणून बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी मातीची शोषणक्षमता तपासली जावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. भूजलाची पातळी श्रावणात पाहावी, वैशाखात नव्हे. शोषखड्डा पाण्यापासून शक्य तितका दूर असावा व त्याच्या तळाखाली भर पावसाळ्यातही पुरेशी कोरडी माती राहावी. जमीन अयोग्य ठरल्यास शोषखड्ड्यास परवानगीच देऊ नये. तेथे अनेक घरांनी मिळून लहान शुद्धीकरण केंद्र उभारावे, अथवा न गळणारी टाकी बांधून तिचा उपसा रीतसर केंद्रावर न्यावा.

यात खर्च वाढेल, ही तक्रार खरी आहे. पण ज्या पाण्याच्या दर्शनासाठी आपण जागेचे चढे मोल देतो, ते निर्मळ राखण्याचा खर्च आपणच सोसावयास हवा. तो काठावरच्या मच्छीमाराच्या आणि खालच्या गावातील विहिरींच्या माथी मारणे सुशिक्षितांना शोभणारे नाही.