काविळीवरची बारीक कात्री



आपल्या गणेशपुरी-वज्रेश्वरीकडे कुणाचे डोळे पिवळे दिसले की आधी काविळीची माळ आठवते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळते. हेपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ मात्र रक्तातून पसरतात आणि काही त्रास न देता वर्षानुवर्षे यकृतात राहू शकतात.

‘सी’चा विषाणू पेशीत शिरतो तो आरएनएचा धागा घेऊन. हा धागा म्हणजे त्याचा हुकूमनामा. पेशी तो वाचते आणि विषाणूची प्रथिने बनवू लागते. हा हुकूमनामाच कापला तर? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सौमित्र दास आणि दिल्लीचे अखिल बॅनर्जी यांच्या गटाने अशी कात्री वापरून पाहिली. ते संशोधन 2008 साली प्रसिद्ध झाले. तिला डीएनएझाइम म्हणतात. हा डीएनएचा छोटा तुकडा असतो. त्याच्या दोन्ही बाजू आरएनएवर ठरावीक जागीच जुळतात आणि मधला भाग तिथे काप घेतो. प्रयोगशाळेतल्या पेशींत त्यामुळे विषाणूचे काम मंदावले.

मग हे औषध दुकानात का नाही? शरीर असे तुकडे लवकर मोडून टाकते, म्हणून त्यांच्या रचनेत रासायनिक बदल करावे लागतात. ते यकृतापर्यंत पोहोचले पाहिजेत आणि आपल्या पेशींना इजाही होता कामा नये. अमेरिकेत ‘हेप्टाझाइम’ नावाची आरएनएची कात्री माणसांवरच्या चाचणीपर्यंत गेली, पण औषध म्हणून आली नाही.

तोवर हातात आहे तेही थोडे नाही. ‘सी’ बहुतेकांचा साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. ‘बी’ गोळ्यांनी काबूत राहतो आणि त्यावर लस आहे. बाळाला पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत मिळायला हवा. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. मुलाचा खतना असो की हज-उमराहनंतरचे मुंडण, ब्लेड नवेच हवे.

आणि एक अर्ज. ‘बी’ निघाला म्हणून सुनेचे ताट वेगळे करू नका, ठरलेला रिश्ता मोडू नका. एकत्र जेवल्याने तो पसरत नाही. जोडीदाराने तपासणी करून लस घ्यावी. दुआ जरूर करा, पण इलाज सोडू नका; इलाज करणे हीसुद्धा सुन्नतच आहे.