घर घेताय? मग घराचाही विमा घ्या!



आज नेहमीच्या पाठापेक्षा जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. विषय तसा रुक्ष आहे, पण आपल्या सगळ्यांच्या खिशाशी आणि झोपेशी त्याचा संबंध आहे. आपल्या पिंपरी पेंढारला काय किंवा ओतूर, आळेफाटा, नारायणगावला काय, गेल्या काही वर्षांत घरं भराभर उभी राहिली. कांद्याचे, द्राक्षाचे पैसे आले की आधी स्लॅब पडतो. नोकरदार मंडळी चाकण-मोशीकडे फ्लॅट बघतात. आपण शिक्षकही त्यात आलोच. पगाराची स्लिप दाखवली की कर्ज लगेच मिळतं.

आता एक साधी तुलना करू. शाळेच्या फाटकाशी सकाळी जेवढ्या मोटारसायकली लागतात, त्यांतल्या बहुतेकींचा विमा असतो. का? तर मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे तिऱ्हाइतासाठीचा विमा सक्तीचा आहे आणि पोलीस अडवतात. गाडीची किंमत लाखाच्या आसपास. पण ती गाडी रात्री ज्या घरासमोर उभी राहते, त्या पंधरा-वीस लाखांच्या घराचा विमा किती जणांकडे असतो? स्टाफरूममध्ये विचारून बघा. "आहे ना, बँकेनं केलाय" असं उत्तर येईल. नेमकी इथंच गफलत आहे.

दोन वेगळे विमे, नाव मात्र एकच

गृहकर्ज घेताना बँक बऱ्याचदा एक विमा गळ्यात मारते. त्याला कुणी 'कर्ज सुरक्षा' म्हणतं, कुणी 'लोनचा इन्शुरन्स'. हा असतो आयुर्विमा. कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडते. चांगली गोष्ट आहे, घरच्यांच्या डोक्यावर बोजा राहत नाही. पण तो माणसाचा विमा आहे, घराचा नाही. उद्या वादळात छप्पर उडालं, शॉर्टसर्किटनं घर जळालं, तर या पॉलिसीतून एक रुपयाही मिळणार नाही.

आमच्या ओळखीतल्या एका गुरुजींच्या कर्जात असाच साठ हजारांचा एकरकमी हप्ता मिळवलेला होता. म्हणजे त्यांनी विमा रोखीनं घेतला नाही, कर्जानं घेतला. आता गणित मांडा. ९ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर ६०,००० रुपयांचा महिन्याचा हप्ता सुमारे ५४० रुपये, आणि २४० हप्त्यांत फेड होते जवळजवळ १ लाख ३० हजारांची. एवढं करून त्यांच्या घराच्या विटांना संरक्षण शून्य! आणि ही गोष्ट त्यांना कर्ज घेताना कुणी समजावून सांगितली नव्हती.

दुसरा प्रकार म्हणजे खराखुरा घराचा विमा. तो कधी कधी बँकही काढायला लावते, पण तेव्हा तिचं लक्ष आपल्या कर्जाच्या रकमेवर असतं. कर्ज दहा लाखांचं आणि घर पुन्हा बांधायला अठरा लाख लागणार असतील, तर दहाच लाखांचा विमा बँकेला पुरतो, आपल्याला नाही. शिवाय अशा पॉलिसीवर बँकेचं नाव असतं आणि भरपाईतून आधी कर्ज वळतं होतं. एक वाक्य मनात कोरून ठेवण्यासारखं आहे : घर पडलं तरी हप्ता पडत नाही. तो चालूच राहतो.

आपल्याकडे काय होणार आहे, असं म्हणू नका

३० जुलै २०१४ ची सकाळ आंबेगाव-जुन्नरमधलं कोणीच विसरलेलं नाही. माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. पुनर्वसनाचं नवं गाव उभं राहायला २०१७ साल उजाडलं. गेलेली माणसं कोणत्याही विम्यानं परत येत नाहीत, हे उघड आहे. पण वाचलेल्या माणसाला पुन्हा भिंत उभी करायला पैसा लागतो, हेही तितकंच खरं.

माळीण फार दूरचं, फार मोठं वाटत असेल तर ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ आलं कोकणच्या किनाऱ्यावर, पण घाट चढून आपल्या जुन्नर-आंबेगाव-खेडपर्यंत पोचलं. पत्रे उडाले, पॉलिहाऊस झोपली, झाडं घरांवर आली. समुद्र कुठं आणि आपण कुठं! पुण्याच्या जुन्या माणसांना १२ जुलै १९६१ चा पानशेत सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप होईल, असंही आदल्या रात्री कुणाला वाटलं नव्हतं. आणि एवढ्या मोठ्या घटना सोडा, शॉर्टसर्किट आणि गॅसचा भडका यांना पंचांग लागत नाही.

सरकार देतं की!

हा पहिला आक्षेप. देतं, पण किती ते बघा. आपत्ती निवारण निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, तेही निदान १५ टक्के नुकसान झालेलं असेल तर. राज्य सरकार कधी वर भर घालतं, पण ती त्या त्या वेळच्या निर्णयावर. ६,५०० रुपयांत आज किती पत्रे येतात, ते हार्डवेअरच्या दुकानात विचारा. ही मदत म्हणजे पुन्हा उभं राहायला दिलेला हात आहे. ती घराची भरपाई नव्हे, आणि सरकारही तसं म्हणत नाही.

मग घराच्या विम्यात मिळतं काय?

पूर्वी प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या, भाषा अगम्य. विमा नियामक 'इर्डाई'नं १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकाच नमुन्याची पॉलिसी द्यायला लावली. नाव 'भारत गृह रक्षा'. तिच्यातल्या आपल्या उपयोगाच्या गोष्टी अशा :

१. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणं, दंगल, वाहन आदळणं, पाण्याची टाकी फुटणं असे धोके त्यात येतात.

२. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानाचा विमा आपोआप होतो : इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख.

३. कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी, सोलर पॅनल, अगदी बायोगॅसची टाकीसुद्धा घराच्या बांधकामात धरली जाते. खेडेगावच्या घराला हे फार सोयीचं आहे.

४. घर राहण्यालायक उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याच्या भाड्याचीही तरतूद आहे.

५. पॉलिसी एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येते. मोठ्या मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते.

आता काय मिळत नाही तेही ऐका, कारण भांडणं तिथंच होतात. घर जुनं झालं, रंग उडाला, ओल आली, वाळवी लागली, याचे पैसे नाहीत. सोनं-नाणं वेगळं नोंदवलं तरच. साधी घरफोडी या पॉलिसीत येत नाही. आग किंवा पूर अशी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी धरतात. घरफोडीचा धोका वाटत असेल तर त्याचं वेगळं संरक्षण मागून घ्यावं लागतं. गोठा, पुढच्या खोलीतलं दुकान, कुडाच्या भिंती यांबद्दल आधीच लेखी विचारून घ्या.

रक्कम किती धरायची?

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. फ्लॅट तीस लाखांना घेतला म्हणून तीस लाखांचा विमा, असं नसतं. त्या तीस लाखांत जागेची किंमत आहे आणि जागा काही जळत नाही. विमा बांधकामाचा असतो. म्हणून सूत्र सोपं : चटई क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकामाचा दर.

उदाहरणादाखल ६०० चौरस फूट आणि दर २,००० रुपये धरला, तर इमारतीचे १२ लाख. सामानाचे २० टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. एकूण १४ लाख ४० हजार. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ धरून इमारतीचे १३ लाख २० हजार. झालं गणित! दर मात्र आपल्या भागातल्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला विचारून घाला. हप्ता किती, ते दोन-तीन कंपन्यांकडून लेखी मागवा. गृहकर्जाच्या एका महिन्याच्या हप्त्याशेजारी तो आकडा ठेवून बघा, म्हणजे माझा मुद्दा पटेल.

"कंपन्या पैसे देतच नाहीत हो!"

हा दुसरा आक्षेप, आणि तो सगळाच खोटा नाही. दावे अडतात, कापले जातात. पण बऱ्याच वेळा कागद अडतो. गावठाणातलं घर आजोबांच्या नावावर, राहतात तिघे भाऊ, पॉलिसी धाकट्याच्या नावावर. मग कंपनी विचारणारच की यात तुमचा हक्क कोणता. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, आणि स्वामित्व योजनेतून मिळालेली सनद असेल तर ती, नावं जुळवून ठेवा. तरीही दावा नाहक नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे आणि फी लागत नाही. 'काही मिळत नाही' म्हणून विमाच न घेणं म्हणजे रस्त्यात खड्डे आहेत म्हणून शाळेतच न जाण्यासारखं झालं.

घर घेताना एवढं करा

१. बँकेला स्पष्ट विचारा : हा विमा माझा की घराचा? उत्तर लेखी घ्या.

२. अमुकच कंपनीचा विमा घ्या, अशी सक्ती बँक करू शकत नाही. आयुर्विम्याची पॉलिसी पटली नाही तर हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

३. फ्लॅट असेल तर सोसायटीनं इमारतीचा विमा घेतलाय का, ते विचारा. मासिक आकारणीत विम्याचा हप्ता धरायची सोय आदर्श उपविधींत आहे. आपल्या सामानाचा विमा मात्र आपणच बघायचा.

४. पॉलिसी ताब्याच्या दिवसापासून सुरू करा. 'दिवाळीनंतर बघू' नको, पावसाळा दिवाळीच्या आधी येतो.

५. घराच्या प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, बिलांचे फोटो घ्या आणि दोन्ही एखाद्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा. घराबरोबर फाईलही जळते, हे लक्षात असू द्या.

६. कर्ज फिटलं की पॉलिसीवरचं बँकेचं नाव काढून घ्या, पण पॉलिसी बंद करू नका.

माझं मत

तुर्कस्तानात १९९९ साली मोठा भूकंप झाला. पुढच्याच वर्षी तिथं शहरी भागातल्या घरांना भूकंप विमा सक्तीचा केला. खरेदीच्या नोंदणीला गेलं की तो दाखवावा लागतो. आपल्याकडे सक्ती करा, असं मी म्हणणार नाही. ज्याचं घरच कसंबसं उभं राहिलंय, त्याच्यावर आणखी एक खर्च लादणं बरोबर नाही. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आपण एक टक्का नोंदणी फी भरतो, मुद्रांक शुल्क भरतो, तिथंच भिंतीवर मराठीत एक फलक लावायला काय हरकत आहे? 'कर्जाचा विमा वेगळा, घराचा विमा वेगळा.' एवढं लिहिलं तरी पुष्कळ. आणि घरकुल योजनेतून मिळालेल्या घरांचा निदान पहिल्या काही वर्षांचा हप्ता सरकारनं भरावा. एकदा अनुदान देऊन बांधलेलं घर पडल्यावर पुन्हा मदत देण्यापेक्षा ते स्वस्त पडेल, असं मला वाटतं.

दुसरी जबाबदारी आपली, शिक्षकांची. सहावी-सातवीला आपण शेकडेवारी आणि सरळव्याज शिकवतो. उदाहरणं तीच : रामूनं सायकल घेतली, शामूनं विकली. त्याऐवजी एक तास घराचं गणित घ्या. मुलांना घरून खोल्यांची मापं आणायला सांगा, क्षेत्रफळ काढा, दरानं गुणा, २० टक्के काढा. मग एकच गृहपाठ द्या : 'आपल्या घराचा विमा आहे का, हे आई-बाबांना विचारून या.' पत्र्याच्या किंवा कुडाच्या घरातल्या मुलाला कमीपणा वाटणार नाही, एवढी काळजी मात्र घ्या. आकडे वर्गात वाचून दाखवू नका, वहीतच राहू द्या.

कितीतरी पालक आपल्या मुलानं विचारलेल्या प्रश्नामुळेच कपाटातली ती फाईल पहिल्यांदा उघडून वाचतील. तुम्हीही आज संध्याकाळी तुमची उघडा, आणि पॉलिसीवर विमा कुणाचा लिहिलाय, तेवढं बघा.